गणपतीच्या रात्री तीन वाजता धाप पुन्हा का लागली?

राजापूर तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा. गणपतीला मुंबईहून मंडळी आली, माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या. रात्री नऊच्या सुमारास भावंडांबरोबर त्या गोधड्यांवर लोळताना मुलाला शिंका, खोकला आणि धाप सुरू झाली. जवळच्या दवाखान्यात नेब्युलायझर दिला, अर्ध्या तासात पोर हसायला लागलं, सगळे घरी आले. पहाटे तीनला पुन्हा धाप, आधीपेक्षा जोरात. नंतरच्या तपासणीत पांढऱ्या पेशी ९,४००, त्यात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९ टक्के, एकूण आयजीई (ॲलर्जीची अँटिबॉडी) ८६०. डॉक्टरांनी दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप रोज घ्यायला सांगितलाय, बरा असतानाही. नातेवाईक म्हणतात की पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे, ती वाढवायचं काहीतरी द्या, पंपाची सवय लागते. आईचे प्रश्न असे: पहिल्या दवाखान्यात औषध चुकलं का, प्रतिकारशक्ती खरंच कमी आहे का, आणि मूल उड्या मारत असताना रोज स्टिरॉइड कशाला?

ताई, मी चोवीस वर्षं चिपळुणात छातीचे आजार बघते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका रात्रीत आहेत, म्हणून ती रात्रच उलगडून सांगते.

सुरुवात मात्र त्या रात्रीच्या बरीच आधी, कदाचित तो तीन-चार वर्षांचा असताना झाली. गोधडीत, कापसाच्या गादीत, उशीत डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे जीव राहतात. आपल्या अंगाची झडलेली कातडी हे त्यांचं खाणं. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतात. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८०-९० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे त्यांच्यासाठी चार महिने सुगीच. दमा त्या जिवंत किड्यामुळे होत नाही, त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे होतो. त्यातलं एक प्रमुख प्रथिन प्रथिनंच कापणारं आहे. श्वासनलिकेचं आतलं अस्तर म्हणजे चिऱ्याची भिंत धरा. हे प्रथिन चिऱ्यांमधल्या दरजा पोखरतं. दरजा सुटल्या की बाहेरचा कचरा आत झिरपतो.

अस्तराच्या पेशी हे मुकाट्याने सोसत नाहीत. त्या टीएसएलपी, इंटरल्यूकिन-३३ आणि इंटरल्यूकिन-२५ अशी धोक्याची रसायनं सोडतात. अस्तराखाली डेंड्रिटिक पेशी बसलेल्या असतात. फांद्या फुटल्यासारखे हात असलेल्या या पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिल्या आणि २०११ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल जाहीर झालं. डेंड्रिटिक पेशी तो कचरा गिळते, त्याचे तुकडे करते, जवळच्या लसिका ग्रंथीत जाते आणि तिथल्या नवख्या टी पेशींना (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ते तुकडे दाखवते. सोबत धोक्याचा संदेश असल्यामुळे ती टी पेशी ज्या जातीची बनते तिला टीएच-२ म्हणतात. मदतनीस टी पेशींच्या या दोन जाती, टीएच-१ आणि टीएच-२, मोसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये वेगळ्या काढल्या.

तुमच्या नातेवाइकांच्या बोलण्याचं उत्तर इथेच आहे. जंतू, विषाणू यांच्याशी लढणारी यंत्रणा वेगळी आणि टीएच-२ ची यंत्रणा वेगळी. ही दुसरी यंत्रणा मुळात जंतांसाठी, गोचिडांसाठी, विषारी दंशासाठी आहे. जंत एवढा मोठा की पेशी त्याला गिळू शकत नाही. मग चिकट स्राव वाढवा, स्नायू आवळा, खोकून-शिंकून बाहेर फेका, वर दाहक रसायनं ओता, असा तिचा खाक्या. आतड्यात जंतासाठी हे ठीक. पण तोच प्रकार श्वासनलिकेत, निरुपद्रवी धुळीसाठी घडला की त्याला आपण दमा म्हणतो. तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी नाही. तिची एक शाखा नको तिथे फार जोमाने काम करते आहे. ती ‘वाढवायची’ म्हणजे नेमकं काय वाढवायचं, हे प्रतिकारशक्तीची पावडर विकणाऱ्याला विचारा. आणि एखादी पुडी दोन दिवसांत जादूसारखा गुण देत असेल तर विशेष सावध व्हा. अशा पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, तेही पोटातून जाणारं.

टीएच-२ पेशी इंटरल्यूकिन-४ आणि १३ सोडतात. त्या इशाऱ्यावर बी पेशी आयजीई नावाची अँटिबॉडी बनवायला लागतात. या आयजीईचा शोध तसा अलीकडचा आहे. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ती स्वतंत्रपणे ओळखली. रक्तात आयजीई जेमतेम दोन दिवस टिकते. पण मास्ट पेशींवर जाऊन बसली की कित्येक आठवडे तिथेच राहते. मास्ट पेशी श्वासनलिकेच्या अस्तरात, रक्तवाहिन्यांच्या कडेला, स्नायूंच्या धाग्यांमध्येही ठाण मांडून असतात, आणि प्रत्येकीच्या पोटात हिस्टामिन नावाच्या रसायनाने भरलेले शेकडो कण असतात.

म्हणजे गणपतीच्या रात्री तुमचा मुलगा गोधडीवर पडला तेव्हा त्याच्या छातीत सगळी मांडामांड आधीच झालेली होती.

आता रात्री नऊ. गोधडी झटकली, धूळ उडाली, माइटचं प्रथिन मास्ट पेशीपर्यंत पोचलं. शेजारशेजारच्या दोन आयजीईंना ते एकाच वेळी चिकटलं की पेशीला खूण पटते आणि कण फुटतात. हिस्टामिन लगेच बाहेर पडतं. पाठोपाठ काही मिनिटांत प्रोस्टाग्लँडिन आणि ल्यूकोट्राइन ही आणखी रसायनं तयार होऊन येतात, आणि स्नायू आवळण्यात ल्यूकोट्राइन हिस्टामिनपेक्षा कितीतरी जबर असतात. पंधरा-वीस मिनिटांत शिंका, खोकला, छातीत सूं-सूं. नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल आवळलेला स्नायू सैल करतं. तो सैल झाला, पोर हसलं. तिथवर औषध बरोबरच होतं.

पण मास्ट पेशींनी फुटता फुटता आणखी एक गोष्ट केली होती. त्यांनी आणि टीएच-२ पेशींनी रक्तातल्या इओसिनोफिलना बोलावणं धाडलं होतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकट रेणू उगवतात, वाहत जाणारे इओसिनोफिल त्यांना अडकतात, भिंतीतून वाट काढून श्वासनलिकेत उतरतात. याला वेळ लागतो. साधारण तीन-चार तासांनी हा दुसरा टप्पा सुरू होतो आणि सहा ते बारा तासांच्या दरम्यान शिगेला पोचतो. नऊ अधिक सहा, पहाटेचे तीन. साल्ब्युटामॉलचा असर चार ते सहा तासांचा, तोही तेवढ्यात उतरलेला. त्यात शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि श्वासनलिका पहाटेला एरवीही थोडी अरुंद होते. चारही गोष्टी एका वेळेला आल्या.

तेव्हा पहिल्या दवाखान्यात औषध चुकलं नाही, सांगणं राहून गेलं. ‘पहाटे पुन्हा लागू शकतं, पंप उशाशी ठेवा, अमुक दिसलं तर लगेच या,’ हे शब्द हवे होते, आणि गरज दिसली तर तोंडावाटे स्टिरॉइडचा डोसही. हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. नवीन होते तेव्हा असंच एक मूल मीही रात्री दहाला बरं वाटतंय म्हणून घरी पाठवलं होतं. पहाटे त्याचे वडील त्याला खांद्यावर घेऊन भर पावसात दारात उभे होते. पोराच्या गळ्याच्या खाचेत प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. त्या दिवसापासून बरं झालेल्या मुलालाही मी पुढच्या बारा तासांचं सांगितल्याशिवाय सोडत नाही.

इओसिनोफिल हे काय प्रकरण आहे, ते मी शिकत असताना एकदा सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि अजून डोळ्यांसमोर आहे. दम्याच्या एका बाईंचा बेडका होता, घट्ट, शेवयांसारखा ओढला जाणारा. काचेवर पसरून इओसिनचा रंग दिला. निळसर पसाऱ्यात दोन पाळ्यांचं केंद्रक असलेल्या गोल पेशी, आणि पोट तांबड्या-नारिंगी दाण्यांनी गच्च, पिकलेलं डाळिंब फोडल्यासारखं. बऱ्याच पेशी फुटलेल्या, दाणे आजूबाजूला सांडलेले. आणि त्या सांडलवंडीत दोन्ही टोकांना अणकुचीदार, लांबट, स्वच्छ स्फटिक. त्यांना शार्को-लायडेन स्फटिक म्हणतात, इओसिनोफिलमधल्या एका प्रथिनाचे ते बनतात आणि कफ आणखी घट्ट करतात. मास्ट पेशीचं वर्णन पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये केलं आणि १८७९ मध्ये इओसिनोफिलचं, ते या रंगाच्याच जोरावर.

त्या तांबड्या दाण्यांतली प्रथिनं जंताच्या कातडीला भोकं पाडण्याइतकी तिखट असतात. श्वासनलिकेत ती सांडली की अस्तर सोलून निघतं, खालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. मग नुसता थंड वारा, हसणं, धावणं, फोडणीचा ठसका एवढ्यानेही नळी आवळते. इंटरल्यूकिन-५ या पेशींना अस्थिमज्जेत घडवतं आणि जगवतं. इंटरल्यूकिन-१३ कफ बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढवतं. आणि हे सगळं हल्ला नसतानाही मंद आचेवर चालूच असतं. छाती स्वच्छ वाजते, मूल क्रिकेट खेळतं, आणि आत अस्तर सुजलेलं असतं. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर अस्तराखालचा थर जाड होतो, स्नायू वाढतो, आणि तो बदल मग औषधानेही पुरता मागे फिरत नाही.

आता रोजच्या स्टिरॉइडचं. साल्ब्युटामॉल स्नायूवर काम करतं, या पेशींना ते हातही लावत नाही. ओढून घेतलेलं स्टिरॉइड पेशींच्या आत जाऊन दाहाची रसायनं बनवणारी जनुकं बंद करतं. इओसिनोफिल लवकर मरतात, टीएच-२ पेशी गप्प होतात, काही आठवडे-महिने सलग घेतलं तर अस्तरातल्या मास्ट पेशींची संख्याही घटते. ‘सलग’ हा शब्द इथे महत्त्वाचा. चार दिवस घेऊन सोडलं तर पेशी परत जमतात, आणि लोक म्हणतात सवय लागली. मीठ कमी केल्यावर उतरलेलं ब्लडप्रेशर मीठ वाढवल्यावर चढलं, तर त्याला आपण सवय म्हणत नाही.

डोसाचं गणित स्वतः करून बघा. या वयाच्या मुलाला हल्ल्यात साधारण ३० मिलिग्रॅम प्रेड्निसोलोन (पोटातून घ्यायचं स्टिरॉइड) पाच दिवस, म्हणजे १५० मिलिग्रॅम द्यावं लागतं. पंपातून रोज २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड (पंपातलं स्टिरॉइड) म्हणजे दिवसाला ०.२ मिलिग्रॅम. दोन औषधांची ताकद सारखी नाही, पंपातलं वजनाला जास्त जोरकस आहे. पण पंपातलं मुख्यतः छातीत उतरतं आणि रक्तात थोडंच पोचतं, तर गोळी अंगभर फिरते. दर पावसाळ्यात तीन-चार वेळा गोळ्यांचा कोर्स घेणारी मुलं मला जास्त काळजीत टाकतात. उंचीबद्दल लपवत नाही: वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे १ सेंटीमीटर कमी भरते. न आवरलेला दमा उंचीही खातो, शाळाही, झोपही. माझ्या मुलाला दमा असता तर मी पंप दिला असता.

मोठ्यांसाठी आणि बारा वर्षांवरच्या मुलांसाठी तर २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनाच आहे की नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळायचा नाही, सोबत स्टिरॉइड हवंच. गावातल्या दुकानातून निळा, म्हणजे साल्ब्युटामॉलचा पंप आणून वर्ष काढणाऱ्या काकांनाही हे सांगा.

मॉन्टेलुकास्टची गोळी ल्यूकोट्राइनला अडवते. उपयोगी आहे, पण पंपाच्या बरोबरीची नाही, आणि मूल चिडचिडं झालं, भयाण स्वप्नं पडायला लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

रिपोर्टचं बघू. ९,४०० चे ९ टक्के म्हणजे ८४६. टक्क्यांपेक्षा हा आकडा धरा. साधारण ५०० पर्यंत ठीक मानतात, म्हणजे वाढलेले आहेत आणि ॲलर्जीच्या दम्याशी जुळतात. पण आपल्याकडे एक अडचण कायम असते: हीच शाखा जंतांसाठी आहे, त्यामुळे पोटात जंत असले तरी इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही वाढतात. चिखलात अनवाणी फिरणाऱ्या मुलाला आकडीचे जंत (हुकवर्म) सहज होतात. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी देतात, ती चुकली असेल तर डॉक्टरांना विचारून द्या. इओसिनोफिलचा आकडा ३,००० च्या पुढे आणि रात्रीचा कोरडा खोकला असता तर मी हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची शंका घेतली असती. त्याचं औषध वेगळं आहे आणि दमा समजून वर्षं वाया गेलेले रुग्ण मी बघितलेत. तुमच्या मुलाचं तसं दिसत नाही. ८६० हा आयजीईचा आकडा मात्र दर दोन महिन्यांनी तपासत बसू नका. तो धुळीच्या आयजीईचा किती आणि जंतांच्या आयजीईचा किती हे त्यावरून कळत नाही, आणि मास्ट पेशीवर बसलेली आयजीई रक्तात मोजलीच जात नाही.

बऱ्याच आया म्हणतात, गोधडी नसतानाही नुसत्या सर्दीने धाप लागते, ते कसं? अस्तराखाली आयएलसी-२ नावाच्या पेशी असतात, २०१० च्या सुमारास त्या नीट ओळखल्या गेल्या. त्यांना ॲलर्जीची ओळखपाळख लागत नाही. अस्तराने धोक्याची रसायनं सोडली की त्या भराभरा इंटरल्यूकिन-५ आणि १३ ओततात. अस्तर दुखावणारं कारण सर्दीचा विषाणू असो, चुलीचा किंवा बंबाचा धूर असो, मच्छर कॉइल असो, चैत्रातली भाजावळ असो. बुरशीही तेच करते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ओसरलं, भिंती मात्र महिनोन्‌महिने ओल्या राहिल्या. कपाटामागे काळी बुरशी चढली होती आणि वर्षानुवर्षं पंप न लागलेले रुग्ण पुन्हा माझ्याकडे येऊ लागले.

काही दम्यांत इओसिनोफिलऐवजी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असतात, धूम्रपान करणाऱ्यांत, जास्त वजनाच्या मोठ्या माणसांत. तिथे स्टिरॉइड कमी चालतं. तुमच्या मुलाला ते लागू नाही.

पंप नीट घेऊनही ज्यांचा दमा आवरत नाही त्यांच्यासाठी आता एकेका रेणूला धरणारी इंजेक्शनं आहेत. आयजीईला पकडणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालं, इंटरल्यूकिन-५ ला पकडणारं मेपोलिझुमॅब २०१५ मध्ये. या दुसऱ्याची गोष्ट मला फार शिकवून गेली. २००० च्या आसपास इंटरल्यूकिन-५ विरोधी औषध सौम्य दम्याच्या रुग्णांना दिलं, इओसिनोफिल घटले, पण दम्यात फरक दिसला नाही. लोक म्हणाले, इओसिनोफिलचा काही संबंधच नाही. २००९ मध्ये ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल खरोखर भरपूर होते आणि वारंवार हल्ले येत होते, असेच रुग्ण निवडून दिलं, तर हल्ले स्पष्ट कमी झाले. इंजेक्शनं महाग आहेत, तुमच्या मुलाला आज लागत नाहीत.

‘आम्ही शेणामातीत वाढलो, आम्हाला कुठे दमा होता?’ असं आजी म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे. अमेरिकेत गोठ्याला लागून राहणाऱ्या आमिश पंथाच्या मुलांत दमा ५ टक्के आणि यंत्रांवर शेती करणाऱ्या हटराइट पंथाच्या मुलांत २१ टक्के आढळला, २०१६ चा अभ्यास आहे. पण ते संरक्षण ॲलर्जी बसायच्या आधीचं. आता मुलाला मुद्दाम गोठ्यात नेऊन किंवा भात झोडताना खळ्यावर उभं करून ते मिळणार नाही.

कोळंबीचंही विचारतात. माइट, झुरळ आणि कोळंबी यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं, म्हणून माइटची ॲलर्जी असलेल्याची कोळंबीची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. कोळंबी खाऊन आजवर काही झालं नसेल तर नुसत्या कागदावरून ती बंद करू नका.

गोधड्यांचं एवढं करा. मे महिन्यात, ऊन कडक असताना सगळ्या धुवून वाळवा, शक्य तेवढं कढत पाणी वापरा. ६० अंशांला माइट मरतात, उन्हाने ओलावा जातो. मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून माळ्यावर टाका. गणपतीला खाली काढताना मूल घरात नको. त्याला पांघरायला पातळ चादर, दर आठवड्याला धुतलेली.

आणि पंप घेताना त्याच्या समोर बसा. पंप हलवला का, स्पेसरचं (पंपाला जोडायच्या नळकांड्याचं) तोंड ओठांनी पूर्ण मिटलं का, एक दाब आणि मग सावकाश पाच-सहा श्वास, नंतर खळखळून चूळ. माझ्याकडे ‘पंप लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्या मुलांना मी आधी पंप घेऊन दाखवायला सांगते, आणि बऱ्याचदा औषध टाळूवर आपटून गिळलं जात असतं. पुन्हा कधी रात्री धाप लागली आणि त्याला एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले किंवा निळ्या पंपाचा गुण चार तासही टिकेना, तर उजाडायची वाट बघू नका. वाटेत स्पेसरमधून निळा पंप देत देत त्याला गाडीत बसवून तालुक्याला न्या.